सर्वांत कमी ठोके, सर्वांत मोठा धोका : तळघरातली आग आणि अंगावरचे सेन्सर

तळघरातल्या आगीतून अग्निशामकांची पहिली जोडी बाहेर आली तेव्हा टॅबलेटवर दोघांचेही हृदयाचे ठोके दिसत होते. ज्याचा आकडा कमी, तोच जास्त तापलेला होता, आणि दुसऱ्या फेरीसाठी त्याचेच नाव पुढे येत होते. हे प्रकरण त्या एका निर्णयाभोवती फिरते. जागा, माणसे आणि घटना प्रशिक्षणासाठी रचलेली आहेत. आकडे मात्र शरीर आणि उपकरणे खरोखर ज्या मर्यादेत वागतात त्यांतलेच आहेत, आणि गणिते वाचकाने स्वतः करून पाहावीत म्हणून उघडी ठेवली आहेत.

हा विषय किती गंभीर आहे ते एका जुन्या अभ्यासावरून कळते. अमेरिकेत १९९४ ते २००४ या काळात कर्तव्यावर असताना मरण पावलेल्या अग्निशामकांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ४५ टक्के मृत्यू हृदयविकाराचे निघाले. या हृदयविकारी मृत्यूंपैकी सुमारे ३२ टक्के प्रत्यक्ष आग विझवताना झाले होते, आणि आग विझवण्यात जवानांचा एकूण कामाचा १ ते ५ टक्केच वेळ जातो. म्हणजे धोका त्या थोड्या मिनिटांत दाटून येतो. सेन्सर हवेत ते या मिनिटांसाठी आणि त्यानंतरच्या तासासाठी.

परिस्थिती

एकच जिना असलेले तळघर, पुठ्ठ्याची खोकी, प्लास्टिकच्या क्रेट, मध्ये लोखंडी रॅकच्या रांगा. धूर जमिनीपर्यंत उतरलेला. पहिल्या जोडीत ब्रँच, म्हणजे पाण्याच्या पाइपचे तोंड, धरणारा २६ वर्षांचा जवान आणि त्याच्यामागे ४४ वर्षांचा जोडीप्रमुख. दुसरी जोडी जिन्याच्या तोंडाशी होज, म्हणजे पाण्याचा पाइप, पुढे सरकवायला. प्रत्येकाच्या अंगावर फायर सूट आणि बीए सेट (पाठीवरच्या सिलिंडरमधून श्वासाला हवा देणारा संच) मिळून २० किलोंच्या वर वजन. सिलिंडर ६.८ लिटरचा, आत शिरताना दाब २९० बार.

प्रत्येकाच्या बनियनखाली छातीपट्टा होता. पट्ट्यात हृदयाचे विद्युत् ठोके टिपणारे दोन कोरडे इलेक्ट्रोड, तीन अक्षांवर हालचाल मोजणारा सेन्सर आणि त्वचेला टेकलेला थर्मिस्टर, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर. पट्टा सेकंदाला एकदा सारांश पाठवतो : ठोके, सिग्नलची प्रत (तो किती स्वच्छ आहे), हालचाल, शरीराची स्थिती, त्वचेचे तापमान. हा सारांश ब्लूटूथने बीए सेटच्या पट्ट्यावरच्या छोट्या रिलेकडे, म्हणजे संदेश पुढे धाडणाऱ्या यंत्राकडे, जातो आणि तिथून १ गिगाहर्ट्झच्या खालच्या वारंवारितेवर, दर ५ सेकंदांनी माहितीचे एक पॅकेट, प्रवेश नियंत्रकाच्या (आत कोण गेले, त्यांची हवा किती उरली याची नोंद ठेवणाऱ्याच्या) टॅबलेटकडे. जिन्यावर दोन रिपीटर, म्हणजे तेच पॅकेट पुन्हा पाठवणारी यंत्रे, ठेवलेले होते.

रिले कुठे लावायचा ही बाब क्षुल्लक वाटते, पण ती तशी नाही. आधीच्या सरावात तो पाठीवर, सिलिंडरच्या चौकटीला लावला होता. ब्लूटूथची २.४ गिगाहर्ट्झची लहर पाण्याने भरलेल्या धडातून पार जाताना जवळजवळ विझते. जवान उभा असताना भिंती आणि जमिनीवरून परावर्तन होऊन काम भागायचे. जवान पोटावर सरपटू लागला की जोडणी तुटायची. रिले खांद्याच्या पट्ट्यावर, पुढच्या बाजूला आणल्यावर ती अडचण संपली.

पॅकेटचा हिशेबही आधी करावा लागतो. लोरा या कमी विजेत लांब पोचणाऱ्या रेडिओ पद्धतीत, मध्यम पल्ल्याच्या मांडणीत २० बाइटचे पॅकेट हवेत सुमारे ०.१९ सेकंद राहते. चार जवान, प्रत्येक पॅकेट मूळ रिले आणि दोन रिपीटर मिळून तीनदा बोलले जाणार : ५ सेकंदांतले सुमारे २.३ सेकंद भरले. प्रत्येकाला ठरलेला क्षण दिला असेल तरच हे जमते. आठ जवान झाले तर सुमारे ४.६ सेकंद, म्हणजे श्वास घ्यायला जागा नाही. तेव्हा अंतर १० सेकंद करावे लागते. शिवाय काही ठिकाणी परवानामुक्त पट्ट्यात एका उपकरणाने १ टक्क्यापेक्षा जास्त वेळ बोलू नये असा नियम असतो. तिथे हेच पॅकेट १९ सेकंदांतून एकदाच पाठवता येते. खरेदीच्या वेळी ‘थेट माहिती’ असे सांगितले गेले, तर ती किती सेकंदांनी थेट, हे विचारून घ्यावे.

आतली एकोणीस मिनिटे

पहिली चार मिनिटे ब्रँच धरणाऱ्याचा आकडा राखाडीच राहिला. कोरडे इलेक्ट्रोड घामाने ओले होईपर्यंत त्वचेशी नीट संपर्क करत नाहीत, आणि गाडीतून उतरून आत जाईपर्यंत त्याला घाम आलेला नव्हता. उपाय साधा आहे : पट्टा चढवताना इलेक्ट्रोडवर पाण्याचा हात फिरवायचा. घाईत राहून जातो म्हणून तो सूट चढवण्याच्या क्रमातच बसवावा लागतो.

तिसऱ्या मिनिटाला जोडीप्रमुखाचे ठोके १३१ होते. नवव्या मिनिटाला ब्रँच धरणारा १७६, जोडीप्रमुख १४२. चौदाव्या मिनिटाला १८२ आणि १४७. टॅबलेटवर पहिला लाल, दुसरा हिरवा. १८० च्या वर लाल, १६० पर्यंत हिरवा, अशी सगळ्यांना एकच फूटपट्टी लावलेली होती.

टॅबलेट गाभ्याच्या, म्हणजे शरीराच्या आतल्या, तापमानाचा अंदाजही दाखवत होता. गाभ्याचे तापमान खऱ्या अर्थाने मोजायचे तर गिळायची सेन्सर-गोळी लागते. ती काही तास आधी गिळून आतड्यात उतरलेली असावी लागते, नाहीतर पाण्याच्या प्रत्येक घोटाबरोबर आकडा कोसळतो. घंटा वाजल्यावर गोळी गिळून उपयोग नाही. म्हणून मिनिटामागून मिनिट ठोके पाहून तापमानाचा अंदाज बांधणारी कालमन गाळणीची पद्धत वापरली जाते. अमेरिकी लष्कराच्या संशोधकांनी ती २०१३ मध्ये मांडली. तिची सरासरी चूक नगण्य आहे, पण विचलन सुमारे ०.३ अंश आहे. अंदाज म्हणून उत्तम, थर्मामीटर म्हणून नाही.

चौदाव्या मिनिटाचे अंदाज : ब्रँच धरणारा ३८.२ अंश सेल्सिअस, जोडीप्रमुख ३७.७. त्यावरून काढलेला शारीरिक ताणाचा निर्देशांक ० ते १० च्या पट्टीवर असतो. गणित असे : गाभ्याचे तापमान सुरुवातीपासून जेवढे वाढले त्याला, सुरुवातीपासून ३९.५ पर्यंत जेवढी जागा होती तिने भागायचे आणि ५ ने गुणायचे. ठोक्यांचेही तसेच, फक्त वरची मर्यादा १८०. मग दोन्ही मिळवायचे. ब्रँच धरणाऱ्याची सुरुवात ३७.१ अंश आणि ६४ ठोके. त्याचे २.३ अधिक ५.१, म्हणजे ७.४. जोडीप्रमुखाची सुरुवात ३७.० अंश आणि ५८ ठोके. त्याचे १.४ अधिक ३.६, म्हणजे ५.०. आकड्यांवरून वाटावे की वयाने मोठा माणूस निवांत आहे आणि तरुण दमला आहे.

प्रत्यक्षात जोडीप्रमुख रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी घेत होता. हे औषध हृदयाला वेगाने धडकूच देत नाही. त्याच्या वयाला सूत्राने, म्हणजे २०८ वजा वयाच्या ०.७ पटीने, कमाल ठोके १७७ येतात. औषध चालू असताना ट्रेडमिलवर मोजलेली त्याची खरी कमाल १५२ होती. १४७ हे १७७ च्या ८३ टक्के आहेत, पण १५२ च्या ९७ टक्के. तो आपल्या छपराला टेकला होता आणि पडदा हिरवा होता. ठोके दबलेले म्हणून ठोक्यांवरून काढलेले तापमानही दबलेले, आणि त्या दोन्हींवरून काढलेला निर्देशांकही. एकाच चुकीच्या तीन प्रती पडद्यावर शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि एकमेकींना दुजोरा देत होत्या. या प्रकरणातली खरी अडचण इथे आहे.

त्याच पडद्यावर दोन साक्षीदार वेगळे बोलत होते, आणि ते ठोक्यांवर अवलंबून नव्हते. पहिला, त्वचेचे तापमान. जोडीप्रमुखाच्या छातीवर ३८.४ अंश, ब्रँच धरणाऱ्याच्या ३७.६. गाभा ३७.७ आणि त्वचा ३८.४ असेल तर उष्णता आतून बाहेर जायच्या ऐवजी बाहेरून आत जात आहे. अशा स्थितीत गाभा ३७.७ वर थांबू शकत नाही. म्हणजे एकतर अंदाज खोटा आहे, किंवा तो खरा असला तरी फार वेळ खरा राहणार नाही. दोन्ही अर्थ एकाच दिशेला बोट दाखवतात. दुसरा साक्षीदार, सिलिंडरचा दाब. सोळाव्या मिनिटाला जोडीप्रमुख ९५ बारवर, ब्रँच धरणारा १२० वर. पहिल्याने १९५ बार गुणिले ६.८ म्हणजे साधारण १,३२५ लिटर हवा वापरली, मिनिटाला ८३ लिटर. दुसऱ्याने मिनिटाला ७२. मागे राहून होज ओढणारा माणूस पुढच्यापेक्षा जास्त हवा ओढत होता. दाबाचा आकडा प्रवेश नियंत्रकाच्या फळ्यावर खडूने लिहिलेलाही होता, पण तो ठोक्यांच्या शेजारी ठेवून कोणी पाहिला नाही. कारण हवा पाहणारा एक आणि टॅबलेट पाहणारा दुसरा होता.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली आणि ती जवळजवळ कोणाच्या लक्षात आली नाही. अकराव्या मिनिटानंतर जोडीप्रमुख रॅकच्या मागे गेला आणि ११० सेकंद त्याचे एकही पॅकेट आले नाही. टॅबलेटने शेवटचा आकडा, १४४, हिरव्या रंगात तसाच धरून ठेवला. त्या जवळजवळ दोन मिनिटांत तो कोसळला असता तरी पडद्यावर १४४ च दिसले असते. बीए सेटवरचा निश्चल-इशारा ३० सेकंद हालचाल थांबल्यावर वाजतो, पण त्याचा आवाज तळघरातून वर पोचेलच असे नाही. न आलेला आकडा हीसुद्धा माहिती आहे, आणि ती लपवणारी प्रणाली नसलेली बरी. योग्य मांडणी अशी : सलग तीन पॅकेट चुकली की आकडा पुसून राखाडी चौकोन आणि वाढत जाणारे सेकंद, ६० सेकंद झाले की वॉकीटॉकीवर नावाने हाक. आतला पट्टा तेवढा काळ स्वतःच्या मेमरीत नोंद ठेवतो आणि संपर्क आल्यावर ती वर पाठवतो. मात्र ही मागाहून आलेली नोंद आलेखात वेगळ्या रंगाने दिसली पाहिजे.

दुसऱ्या जोडीकडून एक खोटा इशारा आला. एकाचे ठोके ४० सेकंद २१० दाखवत होते. सरपटताना पट्टा बनियनवर घासून उठलेली ती खरखर होती. सिग्नलची प्रत खराब असताना आकडा दाखवायचाच नाही, एवढे केले की असे इशारे बहुतांश संपतात. हे न करता खोटे इशारे येऊ दिले तर तिसऱ्या आगीपर्यंत टॅबलेट पाहणारा माणूस ते बघणेच सोडतो. मनगटी घड्याळाचा पर्याय इथे टिकत नाही. त्यातला प्रकाशीय सेन्सर हातमोज्याच्या कफाखाली दबतो, आणि पावलांच्या किंवा कुऱ्हाडीच्या लयीलाच ठोके समजून बसतो.

एकोणिसाव्या मिनिटाला जोडी वर आली. जोडीप्रमुखाचा दाब ६० बार, म्हणजे ५५ बारच्या आसपास वाजणारी शिट्टी अगदी तोंडावर आलेली.

निर्णय बाहेर झाला

विश्रांतीच्या जागेवर दहाव्या मिनिटाला आकडे असे होते : ब्रँच धरणारा ११२, जोडीप्रमुख १०४. दलाचा नियम, ११० च्या खाली आल्यावर पुन्हा आत जाता येईल. माणसे कमी होती, तळघराचा मागचा कोपरा अजून धुमसत होता, आणि जोडीप्रमुखाला आतली वाट माहीत होती. तो स्वतःही तयार होता. नवा सिलिंडर लावायला त्याने हात पुढे केला.

पॅरामेडिकने थांबवले ते आधी आकड्यावरून नव्हे. उठताना जोडीप्रमुखाने गाडीच्या दाराचा आधार घेतला आणि साध्या प्रश्नाला उत्तर द्यायला वेळ लावला. मग आकडे पुन्हा, या वेळी त्याच्याच मापाने पाहिले गेले. ठोके १४९ च्या शिखरावरून १०४ वर, म्हणजे ४५ ने उतरले. ब्रँच धरणाऱ्याचे १८४ वरून ११२, म्हणजे ७२ ने. विश्रांतीचे ठोके आणि खरी कमाल यांच्यामध्ये जी जागा असते तिचा विचार केला तर जोडीप्रमुख अजून ४९ टक्क्यांवर होता : १०४ वजा ५८ म्हणजे ४६, भागिले ९४. ब्रँच धरणारा ३८ टक्क्यांवर : त्याची कमाल १९० धरून, ४८ भागिले १२६. छातीवरची त्वचा अजून ३८.१ अंश होती, सूट कमरेपर्यंत उतरवून दहा मिनिटे झाली तरी. रुग्णवाहिकेत गुदमार्गे घेतलेले तापमान ३९.१ भरले. कानातले किंवा तोंडातले मोजमाप अशा वेळी भरवशाचे नसते. घाम, वारा आणि नुकतेच प्यालेले पाणी ते खाली ओढतात.

बाहेर आल्यावर काही मिनिटे गाभा वर चढतच राहतो, कारण कातडी आणि स्नायूंत साठलेली उष्णता रक्ताबरोबर आत येते. म्हणून बाहेर पडतानाच्या आकड्यावर निकाल देऊ नये.

उपचार असा : हेल्मेट, हूड, जॅकेट आणि पँट पूर्ण उतरवली, सावलीत बसवले, कोपरापर्यंत दोन्ही हात १० ते १५ अंशांच्या पाण्यात. हाताच्या तळव्यांत आणि कोपरापर्यंतच्या भागात रक्त कातडीजवळून भरपूर वाहते, त्यामुळे नुसत्या पंख्यापेक्षा हे जलद काम करते. पाणी दर काही मिनिटांनी ढवळावे आणि कोमट झाले की बदलावे. जवानाच्या उष्णतेने एक बादली बघता बघता तापते. २५ मिनिटांनी तापमान ३८.४. गोंधळ वाढला असता किंवा तापमान ४० च्या पुढे असते, तर बादली पुरेशी नव्हती. अख्खे अंग थंड पाण्यात, आणि रुग्णालय.

बोटावरच्या साध्या ऑक्सिमीटरवर ९८ टक्के दिसत होते आणि एकाने ‘ऑक्सिजन छान आहे’ असे म्हटले. धुरातून आलेल्या माणसाबाबत हे वाक्य बोलू नये. साधा ऑक्सिमीटर लाल आणि अवरक्त अशा दोनच प्रकाशलहरी वापरतो, आणि कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनसारखेच दिसते. अधिक तरंगलांबी वापरणारा को-ऑक्सिमीटर लागतो. त्यावर ४ टक्के आले. या यंत्राची चूक साधारण ३ टक्क्यांपर्यंत जाते, म्हणून लक्षणे असतील तर रक्त तपासायचेच.

आत दुसरी फेरी राखीव जोडीने केली. जोडीप्रमुखाच्या अंगावरचा पट्टा मात्र पुढचे काही तास काढला नाही, आणि हे महत्त्वाचे होते. एडिंबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये १९ निरोगी अग्निशामकांवर सरावाच्या आगीनंतर चाचण्या केल्या. रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली आणि रक्तवाहिन्यांचे सैलावणे मंदावलेले आढळले. आग विझली तरी हृदयाचे काम संपलेले नसते. पट्टा काढून पेटीत टाकायची घाई तेवढ्यासाठीच टाळायची.

काय बदलले

सगळ्यांना एकच मर्यादा ही पद्धत गेली. प्रत्येकाचे विश्रांतीचे ठोके सात दिवस सकाळी उठल्यावर घेऊन सरासरी, कमाल ठोके ट्रेडमिल चाचणीतून, आणि रंग त्या दोहोंमधल्या जागेच्या टक्क्यांवर. विश्रांतीनंतर परत पाठवण्याचा निकषही टक्क्यांत.

औषधांचा प्रश्न नाजूक होता. कोण कोणती गोळी घेतो हे टॅबलेटवर दिसू लागले तर लोक डॉक्टरांपासूनच गोळ्या लपवतील, आणि त्या भीतीला कारण आहे. तोडगा असा काढला : दलाचा डॉक्टर प्रणालीत फक्त एक खूण करतो, ‘ठोक्यांवर विसंबू नये’. औषध नाही, आजार नाही, कारण नाही. ती खूण असलेल्या जवानासाठी तापमानाचा अंदाज आणि निर्देशांक दाखवलेच जात नाहीत. त्वचेचे तापमान, हवेचा खप आणि आत गेलेली मिनिटे एवढेच दिसते, आणि त्याची पाळी आपोआप लवकर संपते. नोंदी कोण पाहू शकतो, किती दिवस ठेवायच्या, आणि बढती किंवा शिस्तीच्या कामात त्या वापरता येणार नाहीत, हे लेखी ठरवले. हे ठरेपर्यंत पट्टे वाटायचेच नाहीत अशी भूमिका घेणारे दल योग्य वागते, असे आमचे मत आहे.

हवा आणि आरोग्य आता एकाच पडद्यावर, एकाच माणसासमोर येतात. त्याला दुसरे काम नसते, आणि बाहेर बोलावण्याचा अधिकार त्याचा स्वतःचा असतो. घटनास्थळ प्रमुखाला विचारत बसावे लागत नाही. एनएफपीए या अमेरिकी अग्निसुरक्षा संस्थेच्या १५८४ क्रमांकाच्या मानकातला (ते आता १५८० मध्ये सामावले आहे) ढोबळ नियम, ४५ किंवा ६० मिनिटांचा एक सिलिंडर किंवा ३० मिनिटांचे दोन संपले की किमान २० मिनिटे विश्रांती, तसाच ठेवला. सेन्सर ही विश्रांती वाढवू शकतो, कमी करू शकत नाही.

उरले पट्ट्याचे कापड. पहिल्या खेपेचे पट्टे पॉलिएस्टरचे होते. पॉलिएस्टर २५० अंशांच्या थोडे वर वितळते. सूटच्या आत एवढी उष्णता येत नाही, पण सूट फाटला किंवा गरम पाण्याची वाफ आत शिरली तर कातडीला चिकटणारे काही अंगावर नसावे. नवे पट्टे ॲरामिड या उष्णता सोसणाऱ्या धाग्याचे, जो वितळत नाही, नुसता कोळसतो. बॅटरी बाहेरच्या खिशात नाही, छातीवर आतच, कारण लिथियम सेल साधारण ६० अंशांच्या पुढे वापरायचे नसतात आणि बाहेरचा खिसा तेवढा सहज तापतो. प्रत्येक आगीनंतर इलेक्ट्रॉनिक भाग काढून पट्टा धुवायचा, कारण धुरातली काजळी घामाबरोबर त्याच्यात मुरते. धुण्याने इलास्टिक सैल होते आणि सैल पट्टा खरखर पाठवतो. म्हणून दर धुण्याची नोंद पट्ट्याच्या क्रमांकासमोर होते, आणि सिग्नलची प्रत सलग दोन वेळा घसरली की नवा पट्टा येतो, जुना सरावालाही वापरला जात नाही.